जमखाना, टॉवेल आणि एक भिंत

दसरा संपला की म्हैसुरात आठवडाभर रिकामं रिकामं वाटतं. राजवाड्याकडच्या रस्त्यांवरून दिव्यांच्या माळा उतरतात, हत्ती ट्रकमध्ये चढून आपापल्या रानात परत जातात, आणि पाहुण्यांनी भरलेली घरं एकदम मोठी होतात. मग एका सकाळी दूध आणायला गेलं की हवेत गारवा लागतो आणि गोकुलमच्या बाजूचे सज्जे रंगीत झालेले दिसतात. जांभळ्या, हिरव्या, आकाशी चटया कठड्यांवर वाळत पडलेल्या. योगवाले परदेशी आले, असं आम्ही म्हणतो. शहाळीवाला भाव चढवतो, रिक्षावाल्यांचं इंग्रजी सुधारतं. पंचांगात नसला तरी हा आमच्या गावचा एक ऋतूच आहे.

या वर्षी तो माझ्या फोनवर उगवला. गार्गीनं यादी पाठवली. गार्गी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्यात वाढली, नोकरीसाठी म्हैसुरात आली, आणि दर रविवारी माझ्याकडे जेवायला येऊन माझ्या मराठीला हसते. आमच्या कितीतरी पिढ्या इथल्याच. घरात मराठी बोलतो खरी, पण तिच्यात कानडी इतकं मुरलंय की ते वेगळं काढायला गेलं तर हाती मराठीही उरायची नाही. "मावशी, तू 'सुम्ने बस' म्हणालीस ना, की मला खरंच बसावंसं वाटतं," असं ती म्हणते. सुम्ने म्हणजे उगीच, काही न करता, मुकाट्यानं, सगळं एकदम.

यादीत अकरा वस्तू होत्या. न घसरणारी चटई. चटईवर घालायचा खास टॉवेल. चटई पुसायचा फवारा. दोन ठोकळे, एक पट्टा, लांबोडकी उशी. दोन विजारी. किती पाणी प्यायलात ते स्वतःच सांगणारी बाटली. आणि हे सगळं वाहून न्यायला एक पिशवी. खाली बेरीज, बेरजेखाली प्रश्न: "मावशी, सुरुवातीला एवढं बास होईल ना?"

मी एकटीच स्वयंपाकघरात हसत सुटले. कारण अशी यादी मीही केली होती. वीस वर्षं झाली त्याला.

त्या वर्षी जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात, मार्केटच्या उतारावर माझी स्कूटर घसरली. गुडघ्याजवळ हाड मोडलं, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, आणि पाय मात्र लाकडाचाच राहिला. चालता यायचं, कचेरीत जाता यायचं. मी एका विमा कचेरीत कारकून होते, तिथं खुर्चीच असते, त्यामुळे साहेबांना काही फरक पडला नाही. फरक पडला तो घरात, जेवणाच्या वेळी.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील, आण्णा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आण्णा जमिनीवर बसून जेवायचे, पूर्वेकडे तोंड करून, आणि मी त्यांच्या समोर. मी बसल्याशिवाय ते पहिला घास घ्यायचे नाहीत. मिठाची बरणी माझ्या उजव्या गुडघ्यापाशी असायची, आणि दर जेवणात, आमटी कितीही खारट झालेली असो, एकदा तरी म्हणायचे, "मीठ दे गे." डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला सांगितलं होतं, म्हणून मी म्हणायची, "आण्णा, पुरे." ते म्हणायचे, "स्वल्प." स्वल्प म्हणजे थोडंसं. मग मी बरणी पुढे सरकवायची. आमच्या घरातली प्रार्थना म्हणा हवं तर, रोज तीच.

पडल्यानंतर मला टेबलाशी बसावं लागलं. टेबल म्हणजे माझं शाळेचं लिहायचं टेबल, त्यावर प्लास्टिक अंथरलेलं. आण्णांना मी म्हटलं, तुम्हीही वर बसा. ते एक दिवस बसले, पाय लोंबकळत ठेवून, आणि घास गिळताना बसमध्ये बसल्यासारखे खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी परत खाली. म्हणजे मी वर, ते खाली. बोलायचं तर त्यांना मान वर करावी लागायची, आणि मला त्यांच्या डोक्यावरचं टक्कल दिसायचं. बरणी टेबलावर गेली. आण्णांनी मीठ मागणं बंद केलं. बरं झालं, डॉक्टरांचं ऐकलं एकदाचं, असं मला वाटलं.

हाडांचे डॉक्टर मला म्हणाले, "हाड जुळलंय. आता गुडघ्याची समजूत घाला. योग वगैरे करा." मी विचारलं, "खाली बसता येईल?" ते म्हणाले, "बसाल की. पण तो बसवेल तेव्हा." तो म्हणजे गुडघा.

मला बाकी काही नको होतं. डोक्यावर उभं राहायचं नव्हतं, बारीक व्हायचं नव्हतं. मला आण्णांच्या समोर बसून जेवायचं होतं. आण्णा तेव्हा शहात्तरचे होते. अशी जेवणं किती उरलीत याचा हिशेब करायचा नाही असं ठरवलं की नेमका तोच मनात यायचा.

कारकुनाचा पाय मोडला तरी बजेट सुटत नाही. मी एका पाकिटावर 'योग' असं लिहिलं आणि त्यात दिवाळीच्या साडीचे पैसे घातले. कॅलेंडरच्या पाठीवर यादी केली. मग रिक्षानं गोकुलमला गेले. तिथल्या दुकानात चटई उलटून किंमत बघितली आणि हळूच परत ठेवली. तेवढ्यात आमच्याकडे दीड महिन्याचा तांदूळ आला असता. उश्या होत्या, ठोकळे होते, सुगंधी पाणी होतं. माझ्या शेजारी एक उंच परदेशी बाई एकेक वस्तू टोपलीत टाकत होती, लग्नाचा बस्ता बांधावा तशी. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? त्या टोपलीतल्या वस्तूंपैकी एखादी तरी आपला गुडघा दुमडवेल, असं वाटत होतं.

शेवटी फूटपाथवर स्वस्तातली चटई घेतली. तिला रबरी चपलांचा वास यायचा, आणि दोन्ही टोकं कायमची वळलेली. मी एका टोकावर बसले की दुसरं टोक मान वर करून बघायचं. एक घट्ट विजारही घेतली. ती चढवायला जेवढं वाकावं लागायचं तेवढं वाकता आलं असतं तर वर्गाला जायची गरजच नव्हती. अशा रीतीनं पहिलं आसन करायच्या आधीच पाकीट अर्ध्यावर आलं.

आता गार्गीची यादी बघताना वाटतं, खरेदी हेच आपलं सगळ्यांचं पहिलं आसन. ते सोपं आहे, उभ्याउभ्या होतं, आणि केल्यावर लगेच बरं वाटतं.

माझ्या टीचर गोकुलमच्या नव्हेत. देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानावर त्यांचा हॉल होता. शारदम्मा टीचर, साठीच्या, नऊवारी नव्हे पण तशाच खोचलेल्या सुती साडीत. सकाळी सहाला वर्ग. "श्वास आत" म्हणाल्या की खालून शिलाई मशीनची टरटर यायची, कारण शिंपीही सहालाच बसायचा. भिंती चुन्याच्या, पांढऱ्याफेक. खाली लाल कोब्याची गार जमीन.

पहिल्या दिवशी टीचरनी माझ्या चटईकडे बघितलं. तिचं टोक त्यांच्याकडे बघत होतं. "गुंडाळा," त्या म्हणाल्या. मग कानडीत तीन प्रश्न विचारले.

"घरी जमखाना आहे?"

जमखाना म्हणजे सतरंजी, सुती, जाड. "होता, फाटला," मी म्हटलं.

"टॉवेल?"

"आहे."

"गोडे इदेया?"

मी गोंधळले. भिंत आहे का घरात, असं त्या विचारत होत्या. "चार आहेत टीचर."

"एक साकु," त्या म्हणाल्या. एक पुरे.

मग त्यांनी मला बजेट शिकवलं, मला, जी कचेरीत दुसऱ्यांची बजेटं तपासायची. एक चांगला जमखाना घ्यायचा, त्यात काटकसर करायची नाही. घाम पितो, घडी घातली की उशी होते, दुमडला की आसन. टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली. पट्ट्याच्या जागी जुन्या साडीचा काठ, तो बाकीच्या साडीपेक्षा चिवट असतो. ठोकळ्यांच्या जागी टेलिफोनच्या दोन जाड डिरेक्टऱ्या सुतळीनं बांधून. "आणि कपडे?" मी विचारलं. "ज्यात घर झाडता येतं त्यात योग येतो," टीचर म्हणाल्या. "उरलेले पैसे फीला ठेवा. तीन महिने यायचं. मधे सोडून जाल तर जमखाना घेऊच नका."

त्याच गल्लीत खाली ठोक मालाचं दुकान होतं. मी एक जमखाना मागितला तर दुकानदाराला वाईटच वाटलं. "एक? एकावर पंगत कशी बसणार अम्मा?" लग्नाच्या हॉलवाले डझनानं न्यायचे. त्यानं रंगीत पट्ट्यांचे काढले. मी सगळ्यात स्वस्त विचारला. तो कोरा होता, पांढरा, रंगायला पाठवायच्या गठ्ठ्यातला. तोच घेतला आणि काखेत मारून घरी आले. बजेट सांभाळल्याचा मला कोण आनंद झाला होता!

आण्णांनी तो बघितला आणि चष्मा काढला.

"रंगाऱ्याच्या घरात पांढरं? काय गे हे, सुमा?"

हे सांगायला हवं की आम्ही रंगारी. रंगारी आणि छापणारे. आण्णांच्या वडिलांपर्यंत परसात हंडे उकळत होते, आणि आण्णा विशीत होईपर्यंत लाकडी ठशांनी साड्यांचे काठ छापायचे. मग गिरणीचं रंगीत कापड इतकं स्वस्त झालं की हंडे थंड पडले. आण्णा एका कापड दुकानात नोकरीला लागले आणि तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे रंग विकले. त्याबद्दल ते कधी रडले नाहीत. पण बाजारातून कुठलंही कापड आणलं की त्याचा कोपरा ओला करून बोटांत चोळून बघायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये सगळं यायचं.

"सुम्ने रंगवून देतो की," ते म्हणाले. "एक रविवार."

तो रविवार मला अजून नाकानं आठवतो. काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठ आली, लाल रंगाची मुळी ती, हिरडा आला, तुरटी आली. अंघोळीचा तांब्याचा हंडा परसात तीन दगडांवर चढला. हिरड्याच्या पाण्याला तुरट, शाईसारखा वास. तुरटीचं पाणी आण्णांनी जिभेला लावून पारखलं. आणि मंजिष्ठ उकळायला लागली तेव्हा ओल्या मातीचा आणि औषधाचा मिळून एक वास सुटला, तो भिंतीवरून शेजारच्या घरात गेला आणि शेजारीण विचारायला आली, कोण आजारी आहे? मी खुर्चीवर बसून घड्याळ बघून मिनिटं सांगत होते. उकिडवं बसता येत नव्हतं म्हणून मला तेवढंच काम. आण्णा हंड्यापाशी बसून काठीनं जमखाना खालीवर करत होते, मला ओरडत होते, आगीला ओरडत होते, गुणगुणत होते. शहात्तराव्या वर्षी त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले. संध्याकाळी दूध घरात असताना ते दूध आणायला गेले. हात खिशात घातले नव्हते.

जमखाना वाळला. मध्ये मातीचा तांबूस, दुमडीत डाळिंबासारखा. आण्णांनी घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. माझं काम आयतु." झालं म्हणजे.

सोमवारी मी तो घेऊन वर्गाला गेले. टीचरनी बघितलं, हात फिरवला, मान डोलावली. माझी जागा भिंतीपाशी होती. माझा व्यायाम असा: जमखान्यावर उताणं निजायचं, दुखऱ्या पायाचा तळवा भिंतीला लावायचा, आणि टाच भिंतीवरून हळूहळू खाली सरकवायची. टाच जेवढी खाली तेवढा गुडघा दुमडला. ऐकायला सोपं. मला त्यात घाम फुटायचा, डोळ्यांत पाणी यायचं.

तास संपला. मी उठले आणि भिंतीकडे बघितलं.

पांढऱ्याफेक चुन्यावर माझी टाच उमटली होती. लाल. वरून खाली एक लांब लाल ओघळ आणि शेवटी गोल टाच. शेजारी टेकलेल्या हाताचा पंजा. मी स्वतःकडे बघितलं. तळवे लाल, कोपर लाल, पोलकं पाठीवर लाल. आणि पलीकडे गोकुलमच्या दुकानातली तीच उंच परदेशी बाई, जी आठवड्यातून दोनदा इथंही यायची, माझ्या जमखान्याच्या कडेवर हात टेकल्यामुळे लाल झालेल्या आपल्या पंजाकडे बघून खूश होऊन हसत होती. तिला तो काही विधी वाटला असावा.

मी मात्र शरमेनं अर्धी झाले. पाकिटात आता चुन्याचे पैसेही धरायला हवेत, हे पहिल्यांदा मनात आलं. टीचर भिंतीपाशी गेल्या. मग टाचेच्या ठशाच्या खाली पेन्सिलनं एक बारीक रेघ मारली.

"बिडी," म्हणाल्या. राहू दे. "जमखाना धुऊ नका इतक्यात."

घरी येऊन मी आण्णांसमोर जमखाना टाकला. "तुम्ही धुतला नव्हता?"

"मी?" आण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "मी कसा धुईन? पहिलं पाणी गिऱ्हाइकाचं!"

हा आमच्या घराण्याचा रिवाज. पूर्वी लोकांना रंगाऱ्यांचा भरवसा नसे. कापड चांगलं दिसतंय पण रंग टिकेल का, ही शंका. म्हणून आमच्याकडे रंगवलेलं कापड न धुता द्यायचे. पहिलं पाणी गिऱ्हाईक आपल्या घरी, आपल्या डोळ्यांसमोर द्यायचं. त्यात सुटा रंग निघून जायचा. दुसरं पाणी स्वच्छ आलं पाहिजे. ते लाल आलं तर कापड परत. पहिलं पाणी गिऱ्हाइकाचं, दुसरं रंगाऱ्याच्या अब्रूचं. मी हे लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं होतं. पण रंगाऱ्याच्या मुलीला आपणच गिऱ्हाईक आहोत हे कसं सुचावं? आणि रंगाऱ्याला तरी, ज्यानं पन्नास वर्षांत एकच कापड रंगवलं, समोर मुलगी कशी दिसावी? त्याला गिऱ्हाईकच दिसलं. आम्ही दोघं इतके हसलो की आण्णांना ठसका लागला.

त्या लाल ठशांनी माझा ऋतू बदलला. आधी रोज वाटायचं, काहीच होत नाही. दुखणं काल जेवढं होतं तेवढंच आज. पण भिंत खोटं बोलत नव्हती. मंगळवारची टाच सोमवारच्या खाली एक बोट. गुरुवारची आणखी अर्धं. टाच जरा ओली करून जमखान्यावर घासली आणि भिंतीला लावली की ठसा छान उठायचा, आणि टीचर शेजारी पेन्सिलनं रेघ मारायच्या. वर्गातल्या सगळ्या बायका येताजाता बघायच्या. खालचा शिंपीसुद्धा एकदा टेप घेऊन वर आला आणि मापून गेला. कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला. बाजारात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग पडले आणि सगळ्या गल्लीत त्यांचा तो हिरवट, तेलकट वास भरला. धनुर्मास सुरू झाल्यावर टीचर वर्गानंतर देवळातली मुगाची गरम हुग्गी, म्हणजे खिचडीच, पानाच्या द्रोणात द्यायच्या, वर मिरी आणि तूप. थंडीत घाम आलेल्या अंगावर ती खाताना जे वाटायचं त्याला सुख हाच शब्द आहे.

आणि मग ठसा थांबला. आठ दिवस, दहा दिवस, एकाच जागी. जमिनीपासून वीतभर वर. तिथं आलं की गुडघ्यात कळ यायची आणि मला उतार दिसायचा, ओला रस्ता, तिरकी होत जाणारी स्कूटर. पाय आपोआप थांबायचा. पाकीट संपत आलं होतं. मी आण्णांना म्हटलं, "एवढंच होणार असेल. या महिन्यानंतर सोडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उताणी निजले असताना जिन्यावर बादलीचा आवाज आला. आण्णा! एका हातात कालवलेला चुना, दुसऱ्या हातात कुंचला.

"टीचर, आमच्या घरानं तुमची भिंत खराब केली," ते कानडीत म्हणाले. "ती सोडणार म्हणते. मग मी साफ करून जातो."

आणि त्यांनी भिंत बघितली. तोवर त्यांनी फक्त माझ्याकडून ऐकलं होतं. बादली खाली ठेवली. चष्मा पुसला. बोट न लावता, वरपासून खालपर्यंत, एकेक टाच वाचत आले. शेवटी जिथं दहा दिवसांचे ठसे एकावर एक पडून काळपट झाले होते तिथं थांबले.

"सुमा, हे बघ की. इथपर्यंत ठसा कसा सपाट आलाय. आणि इथं कड तेवढी उठलीय, मधे काही नाही." मग हळू आवाजात म्हणाले, "छापणाऱ्याचा हात भ्याला की असाच ठसा पडतो. माझा पडायचा. बाबा ओरडायचे. तुझा गुडघा अडला नाही गे. तू भितेस."

मला रडू आलं, कारण ते खरं होतं आणि सात महिन्यांत ते कुणीच म्हटलं नव्हतं, मीसुद्धा.

आण्णा माझ्या डोक्यापाशी, त्या गार जमिनीवर, मांडी घालून बसले. "सरकव," म्हणाले. "मी बसलोय."

मी डोळे मिटले. उतार दिसला. आण्णांचा श्वास ऐकू येत होता, खाली मशीन टरटरत होतं. टाच सरकली. कळ आली, आणि कळ आली तरी मी पडले नाही, कारण मी आधीच जमिनीवर होते आणि आण्णाही जमिनीवरच होते. टीचरनी रेघ मारली. दोन बोटं. चुन्याची बादली आण्णांनी तशीच घरी नेली आणि त्या दिवशी आमच्या परसाची भिंत पांढरी झाली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी जमखान्याला पहिलं पाणी दिलं. गिऱ्हाइकाचं. बादली लालभडक झाली. दुसरं पाणी भरलं तेव्हा आण्णा येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मी जमखाना बुडवला, पिळला, बाजूला काढला. आम्ही दोघं बादलीत बघत राहिलो. तळ दिसत होता. तळाला चिकटलेला कंपनीचा कागदसुद्धा वाचता येत होता. आण्णा फक्त "हं" म्हणाले. तसं "हं" मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

आण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. जमखाना आहे. रंग होता तस्साच आहे. कडा तेवढ्या विरल्यात. परवाच्या रविवारी गार्गी आली तेव्हा मी तो काढला. ती त्यावर हात फिरवत राहिली. मी तिला घेऊन देवराज मोहल्ल्यात गेले आणि एक कोरा पांढरा जमखाना घेतला. दुकानदाराचा मुलगा आता गल्ल्यावर असतो, त्यालाही एक म्हटल्यावर वाईट वाटलं. जुन्या साडीचा काठ मी दिला. टेलिफोन डिरेक्टऱ्या आता मिळत नाहीत, तिच्या ऑफिसच्या जाड फायली चालतील. अकरातल्या दहा वस्तू खोडल्या. बाटली ठेवली, तिला आवडली होती, आणि थोडा हट्ट परवडतो.

"आणि मावशी, भिंत?" तिनं विचारलं. तिला गोष्ट अर्धीच माहीत होती.

"तुझ्या खोलीला असेल की एखादी."

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "पण तुला काय मिळालं गं त्यातून? म्हणजे, एवढं सगळं करून?"

मी म्हटलं, जेवायला बसल्यावर सांगते. आणि मग जेवताना भलतंच काही बोलत राहिले. ते सांगता येत नाही नीट. म्हणून इथं लिहिते.

संक्रांतीच्या दुपारी आण्णांनी केळीची पानं मांडली. स्वतःचं खाली, माझं सवयीनं टेबलावर. मी माझं पान उचललं आणि खाली, त्यांच्या समोर ठेवलं. टेबलावरची मिठाची बरणी घेतली. मग भिंतीला एक हात लावला, आमच्या घरातल्या चारांपैकी एका भिंतीला, आणि हळूहळू खाली आले. शेवटची वीतभर सगळ्यात लांब. गुडघा दुमडला. पूर्ण नाही, जरा तिरका, पण दुमडला. मी बसले होते. कितीतरी दिवसांनी आण्णांचा चेहरा मला समोरून दिसत होता. मी बरणी उजव्या गुडघ्यापाशी ठेवली.

पानावर अवरेकाळूची उसळ होती, गोड हुग्गी होती, तीळगूळ होता. आण्णांनी पहिला घास घेतला. चावला. उसळीत मीठ अगदी बरोबर पडलं होतं, मला माहीत होतं, मीच चाखली होती.

"मीठ दे गे," आण्णा म्हणाले.

तेव्हा मला कळलं की त्यांनी डॉक्टरांचं कधीच ऐकलं नव्हतं. मला उठावं लागू नये म्हणून त्यांनी सात महिने मीठ मागितलं नव्हतं.

मी "पुरे" म्हटलं नाही. बसल्या जागेवरून हात लांब केला आणि बरणी त्यांच्या पानापाशी ठेवली.